मामांचा कप आणि निर्गम फोल्डर

"आजपासून या कंपनीत फाईल माणसाच्या हातून जाणार नाही. फाईल आपली आपण जाईल!"

मोठ्या साहेबांनी हे वाक्य इतक्या घनगंभीर आवाजात उच्चारलं, की सभागृहातल्या पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि शेवटच्या रांगेतला एकजण जागा झाला. साहेबांनी टाळ्या ओसरू दिल्या, समोरचा कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला आणि खिसे चाचपायला सुरुवात केली. नवं युग दोन मिनिटं दारात ताटकळत उभं राहिलं. मग मागचं दार उघडून मामा आत आले. एका हातात साहेबांचा चष्मा, दुसऱ्या हातात भाषणाची उरलेली तीन पानं.

"चष्मा चौथ्या मजल्यावर होता, खिडकीत," मामा हळूच म्हणाले. "पानं प्रिंटरमध्येच राहिली होती."

साहेबांनी चष्मा चढवला आणि माणसाच्या हातून काहीही न जाण्याबद्दल आणखी वीस मिनिटं बोलले.

कंपनी दारं-खिडक्यांची. कचेरी पाच मजली, कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मामा आवक-जावक विभागाचे प्रमुख होते, आणि विभागात ते एकटेच असल्यामुळे विभागात कधी भांडण झालं नव्हतं. एकतीस वर्षं ते नऊ विभागांतून नकाशे, याद्या, मापं गोळा करून कारखान्याच्या गाडीत बसवून देत आले होते. आधी कागदाच्या गुंडाळ्या होत्या, मग फ्लॉपी आली, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. वस्तू दरवेळी लहान होत गेली. जिने तेवढेच राहिले. त्याच फेरीत साहेबांचा चष्मा, कुणाच्या खोकल्याच्या गोळ्या, कुणाची छत्री आणि सगळ्यांच्या बातम्या इकडच्या तिकडे होत.

त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या सख्ख्या भाचीने. बावीस वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने भर जिन्यात "मामा, माझा डबा राहिला!" अशी हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या कंपनीचे मामा झाले. मोठे साहेब त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. तेही मामाच म्हणत.

ती भाची आता तिसऱ्या मजल्यावरची सर्व्हरची खोली सांभाळत होती. दर पंचेचाळीस दिवसांनी ती सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावी, म्हणून तिला कुलूपबाई हे नाव पडलं होतं. बारा महिने स्वेटर घालून एसीच्या त्या गारठ्यात बसणाऱ्या या बाईच्याच आग्रहाने कंपनीने फाईली पाठवायचं नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. तसं ते पोस्टमनचं काम करणारं. पण हा पोस्टमन पाकीट उचलताना त्याला कुलूप घालतो, पोचवल्यावर पोच घेतो, अडचण आली तर तीनदा परत जातो, आणि तरी नाही जमलं तर थेट वर चुगली करतो.

साहेबांनी सॉफ्टवेअर आणलं, पण सोबत अटही घातली.

"चाळीस दिवस," ते केबिनमध्ये म्हणाले होते. "शंभरातल्या नव्व्याण्णव फाईली नीट पोचल्या, तर हा कारभार तुमच्याकडे. नाहीतर बाहेरची कंपनी बघेल आणि तुम्ही गोदामाकडे."

गोदाम चार तासांवर होतं. कुलूपबाईला गोदामाचं भय नव्हतं, सकाळच्या साडेसातचं होतं. रोज साडेसातला ती आईला मधुमेहाचं इंजेक्शन द्यायची. आईचं वय एकोणऐंशी. मुलीशिवाय कुणीही सुई हातात घेतली की ती दारामागे लपायची. एकदा नर्स आली होती, तर म्हातारीने तिला चहा पाजून, घरचं विचारून, सुई न टोचताच परत पाठवलं होतं. मुलगी गोदामावर गेली असती तर त्या घरात सुई कुणाच्या बापाला टोचता आली नसती. आणि ही म्हातारी म्हणजे मामांची थोरली बहीण.

तेव्हा कुलूपबाई कामाला लागली ती पदर खोचून. सगळ्या विभागांना तिने एक फॉर्म पाठवला. त्यात चौथा प्रश्न होता : 'तुमच्या विभागाची फाईल कुठून निघते?' नऊ विभागांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. सात जणांनी लिहिलं 'आवक-जावक'. दोघांनी सरळ लिहिलं 'मामा'.

तिला वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं! नऊ दारांवर पहारा बसवायच्या तयारीत ती होती आणि निघालं एकच दार. तिने मामांच्या टेबलावरच्या संगणकात 'निर्गम' नावाचं एक फोल्डर केलं. त्यात काहीही टाका, सॉफ्टवेअर पंधरा सेकंदांत उचलणार आणि कारखान्यात नेऊन ठेवणार. मग तिने अकरा पानांचं परिपत्रक काढलं. पहिल्या पानावर होतं, 'फाईल निर्गम फोल्डरमध्ये ठेवावी.' आपापल्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते फोल्डर कसं उघडायचं, हे सातव्या पानावर होतं. आता परिपत्रकाचं पहिलं पान लोक वाचतात आणि शेवटच्या पानावर सही करतात. मधली नऊ पानं कागद-उद्योगाच्या भरभराटीसाठी असतात.

पहिल्या दिवशी अडतीस फाईली निघाल्या. अडतीस पोचल्या. भिंतीवरच्या पडद्यावर अडतीस हिरव्या ओळी उमटल्या आणि कुलूपबाईने आनंदाने स्वेटरचं वरचं बटण उघडलं. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. सगळा हिरवागार मळा.

बाराव्या दिवशी तिने शेवटचा घाव घातला. कंपनीतल्या एकूण एक संगणकाची पेनड्राइव्ह लावायची सोय तिने बंद करून टाकली. तेराव्या दिवशी फाईली थोड्या उशिरा निघाल्या, पण निघाल्या. पडदा हिरवाच.

अठराव्या दिवशी कारखान्यातून फोरमनचा फोन आला.

"बाई, नकाशे येतात हो. पण जरा तिरके येतात."

"तिरके म्हणजे?"

"म्हणजे मान वाकडी केली की सरळ दिसतात. आमच्या दोघांच्या माना आखडल्यात."

कुलूपबाईने तपासलं. सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलचा निघताना एक ठसा घेतं आणि पोचल्यावर दुसरा. दोन्ही ठसे तंतोतंत जुळत होते. म्हणजे फाईल निघताना जेवढी तिरकी होती तेवढीच पोचताना तिरकी होती.

"आमच्या बाजूने बिनचूक आहे," ती म्हणाली.

"बिनचूकच आहे हो. तिरकं बिनचूक आहे, एवढंच."

फाईल उघडून बघावी असं तिच्या मनात आलं नाही. पोस्टमनने पत्र वाचायचं नसतं, हा तिचा बाणा होता.

चौतिसाव्या दिवशी पुन्हा फोरमन.

"बाई, सतरा नंबरची खिडकी झाली. ते गोल भोक काचेतच हवं होतं ना?"

"कसलं गोल भोक?"

"नकाशात दाखवलंय की. खाली उजव्या कोपऱ्यात. नकाशाच्या मापाने वीतभराहून मोठं होतंय. एका बाजूला खाच पण दिलीय. तीन काचा फुटल्या, चौथी जमली. आमचा कारागीर म्हणतो, जन्मात असलं नाजूक काम केलं नव्हतं."

मग मात्र बाणा बाजूला ठेवून कुलूपबाईने फाईल उघडली. कागदाचा फोटो होता. खाली उजवीकडे चहाच्या रंगाचं एक वर्तुळ होतं, आणि ते एका जागी तुटलं होतं. ती बघतच राहिली. ते तुटलेपण तिच्या ओळखीचं होतं. आईकडे सहा कपांचा संच होता. त्यातल्या एकाच्या बुडाला टवका गेला होता. "घरात पाहुण्यांना देता येत नाही, तू कचेरीत ने," म्हणून आईने तो कप आपल्या भावाला दिला होता.

ती जिना उतरून तळमजल्यावर गेली. आवक-जावकच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात कागद. आत मामा चष्मा कपाळावर चढवून, डावा डोळा मिटून, एकेक कागद स्कॅनरमध्ये घालत होते. स्कॅनरचं झाकण नीट बसत नव्हतं. ते दाबून राहावं म्हणून त्यावर एक विटेचा तुकडा ठेवला होता. बाजूला कागदांचा गठ्ठा होता. पंख्याने तो उडू नये म्हणून त्यावर चहाने भरलेला कप ठेवला होता.

"पुढे!" मामा म्हणाले आणि वर बघितलं. "अगं, तू? तू रांगेत नको उभी राहूस, तुझं आधी करतो."

"मामा, हे काय चाललंय?"

"निर्गम."

रांगेत पहिली होती नकाशे काढणारी बाई. तिने मामांची बाजू घेतली. "तुम्हीच तर सांगितलंत, निर्गममध्ये ठेवा म्हणून. निर्गम मामांकडे आहे. आधी पेनड्राइव्ह आणायचो, ते तुम्ही बंद केलंत. आता छापून आणतो. त्रास होतो, पण नवीन पद्धत म्हटल्यावर करायलाच हवं."

"अहो, आपल्या खुर्चीवरून ठेवायचं! सातव्या पानावर लिहिलंय."

"सातव्या पानावर?" पाच मजली इमारतीत कुणी सातव्या मजल्याचा पत्ता विचारावा, तशी ती बाई बघायला लागली.

मामांनी रांगेला चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" कुलूपबाईने विचारलं.

"माहीत म्हणजे काय, लोक आणत होते, मी टाकत होतो. फाईलींना तुझ्या नियमाप्रमाणे नावंही देत होतो. विभागाचा आकडा, मग तारीख. सोपं नसतं ते."

"मग मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू ते खरं खरं लिहून साहेबांकडे दिलं असतंस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. शाळेत बाईंनी 'कोण बोलतंय' विचारलं की तू हात वर करायचीस. मग गोदाम. मग माझ्या बहिणीला सुई कोण टोचणार? मी? मी नुसता दारात दिसलो तरी ती चप्पल शोधायला लागते."

"म्हणजे चौतीस दिवस माझं सॉफ्टवेअर म्हणजे तुम्ही होतात."

"छे, छे! मी फक्त पहिली पायरी. पुढचं सगळं तुझंच. पंधरा सेकंदांत उचलतं गं! मी घड्याळ लावून बघितलंय. एकदा सुद्धा जिन्यात दम लागला म्हणून थांबलं नाही." मामांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. कुलूपबाईला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने त्यांच्या कपातला चहा पिऊन टाकला.

"बरं, आणखी सहा दिवस ओढा मग. पुढचं पुढे बघू."

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाले, "चाळिसाव्या दिवशी माझा डोळा आहे."

डोळा म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन. तारीख तीन महिन्यांपूर्वीच मिळालेली. सोडली तर पुढची चार महिन्यांनी. आणि एका डोळ्याने सरळ लावलेला कागद कसा दिसतो, हे कारखान्यातल्या आखडलेल्या मानांना विचारावं.

कुलूपबाईने त्या दुपारी नवं परिपत्रक काढलं. या वेळी एकच पान, मोठ्या अक्षरांत. दुसऱ्या दिवशी रांग होती तेवढीच होती; दोघांनी तर ते परिपत्रकच स्कॅन करायला आणलं.

"तू सांगू नकोस," मामा म्हणाले. "तू सांगितलंस की त्याचा नियम होतो, आणि नियम दिसला की माणूस आधी पळवाट शोधतो. मी मागून बघतो."

मग मामा पुन्हा फेरीवर निघाले. नऊ विभाग, पाच मजले, हात रिकामे. प्रत्येक टेबलापाशी थांबत आणि चेहरा पाडून म्हणत, "माझा डोळा आहे हो त्या दिवशी. एक दिवस माझं काम कराल का? काही नाही, हे इथून उचलायचं, त्या फोल्डरवर नेऊन सोडायचं. उपकार होतील." चौतीस दिवस जे कुणी नियम म्हणून शिकलं नव्हतं, ते मामांवर उपकार म्हणून पाच दिवसांत सगळे शिकले. नकाशेवाल्या बाईने तर कृती तळहातावर लिहून घेतली आणि त्या दिवशी हात धुताना फक्त उजवाच धुतला.

चाळिसावा दिवस उजाडला. आईला सुई टोचून कुलूपबाई साडेआठलाच सर्व्हरच्या खोलीत येऊन बसली. हिशेब तिने पाठ केला होता. एकूण सोळाशे फाईली धरल्या तर सोळा बुडाल्या तरी चालणार होत्या. कारखान्याकडे वीज गेल्यामुळे पंधरा आधीच बुडाल्या होत्या. आता एक बुडाली तर चालेल, दोन बुडाल्या की गोदाम.

दहा वाजले. एकही फाईल नाही. साडेदहा. एकही नाही. आणि पडदा हिरवागार, कारण पडदा फक्त चुका मोजायचा. काहीच केलं नाही की चूक होत नाही, हे थोरामोठ्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने कळतं. सॉफ्टवेअरला ते उपजतच ठाऊक होतं.

पावणेअकराला मोठे साहेब स्वतः आले. त्या गारठ्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चष्मा काढून ठेवून त्यांनी रुमालाने डोळे टिपले आणि पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्याकडे बघितलं.

"वा! आज शून्य चुका! चाळीस दिवसांतला सर्वोत्तम दिवस!"

"साहेब, फाईलीही शून्यच आहेत."

"बघा! म्हणजे कामसुद्धा कमी झालं," साहेब म्हणाले आणि तृप्त मनाने गेले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिली फाईल आली आणि अडकली. ओळ पिवळी झाली. नाव होतं : 'मामांसाठी'. पाठोपाठ दुसरी : 'मामा डोळा सांभाळा'. तिसरी : 'मामा खिडकी अठरा, काळजी घ्या'. चौथी, पाचवी. सगळ्या पिवळ्या. विभागाचा आकडा नाही, तारीख नाही. तिनेच घालून दिलेल्या नियमात यातलं एकही नाव बसत नव्हतं. मामांनी सगळं शिकवलं होतं, फक्त नावं ठेवायचं राहिलं होतं. सॉफ्टवेअर पाच-पाच मिनिटांनी तीनदा प्रयत्न करणार आणि मग ओळ लाल. पाच लाल म्हणजे गोदाम चार वेळा जाऊन यावं लागेल एवढं नक्की.

कुलूपबाईने बावीस वर्षांत नियम शिथिल केला नव्हता. तिने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. आपल्याच हाताने तिने नवा नियम लिहिला : नावाची सुरुवात 'मामा'ने होत असेल तर फाईल घ्यावी, आकडा आणि तारीख सॉफ्टवेअरने आपली आपण चिकटवावी. बोटं थंडीने वळत नव्हती. पहिल्या फाईलचा तिसरा प्रयत्न व्हायला अर्ध मिनिट असताना तिने नियम लागू केला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाचही ओळी हिरव्या होत्या.

चार वाजेपर्यंत बावन्न फाईली निघाल्या आणि बावन्न पोचल्या. शेवटी फोरमनचा फोन आला.

"बाई, आज नकाशे सरळ आलेत. पण माणसांना आता मान वाकडीच ठेवायची सवय झालीय, सगळे पुन्हा तिरके बघतायत."

"होईल हळूहळू."

"आणि ते सतरा नंबरचं गिऱ्हाईक म्हणतंय, बाकीच्या खिडक्यांनाही तसंच भोक पाडून द्या. त्यांची मांजर ये-जा करते म्हणे त्यातून. खाचेत शेपटी बरोबर बसते."

आता राहिला होता अहवाल. पाच वाजता साहेब गावाला निघणार होते आणि उद्या सकाळी बाहेरच्या कंपनीची माणसं यायची होती. सही आजच हवी. कुलूपबाईने अहवाल लिहिला. खोड ती खोड. तिने त्यात खरं ते लिहिलंच : 'पहिले एकोणचाळीस दिवस सर्व फाईली निर्गम फोल्डरमध्ये मामांनी स्वहस्ते घातल्या.' फक्त अहवाल अकरा पानांचा झाला होता आणि हे वाक्य, योगायोगाने, सातव्या पानावर आलं.

तिने फाईलला 'मामा अहवाल' असं नाव दिलं आणि फोल्डरवर नेऊन सोडली. या एका फाईलपुरता पत्ता तिने कारखान्याऐवजी साहेबांचा घातला होता; पाचव्या मजल्यावर साहेबांच्या संगणकात ती जाऊन पोचली. ओळ हिरवी. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

फोन वाजला.

"बाई, आली!" साहेबांचा आवाज भरून आला होता. "माणसाचा हात लागला नाही! मी त्या दिवशी सभागृहात म्हणालो होतो ते आठवतंय ना? दूरदृष्टी म्हणतात ती हीच. मी अहवाल छापून समोर घेतलाय. वाचत बसत नाही, विश्वास आहे तुमच्यावर. शेवटच्या पानावर सही करतो, की संपलं."

"आभारी आहे, साहेब."

पलीकडून एक खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग खिसे चाचपल्याची खसखस. कुलूपबाईने मान वळवली. सर्व्हरच्या डोक्यावर, हिरव्या दिव्यांच्या उजेडात, एक चष्मा पाय दुमडून बसला होता.

"बाई," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मामा आज नाहीत ना? नाही, सहीची जागा कुठे आहे तेवढी दिसत नाहीये. माझा चष्मा तुमच्याकडे राहिलाय का, जरा बघता? आणि असला, तर कुणाच्या तरी हातून पाठवून द्याल का वर?"